मागचा घाईत आहे, तू नाहीस

आधी एक सांगते, तू घाबरट नाहीस. आपल्या लेनमधून साठ-पासष्टने नीट चाललेली बाइक आणि तिच्या मागच्या चाकाला नाक लावून डिपर मारणारी भलीथोरली एसयूव्ही, असं झालं की पोटात गोळा येणारच. बुलेटवर आयुष्य काढलेल्या काकांच्याही पोटात येतो गं, फक्त ते मिशीत लपवतात.

दर शनिवारी पुण्याहून कराडला बाइकने जायचं तू ठरवलंस, याचं मला कौतुकच आहे. आणि तुला समोरच्या रस्त्यापेक्षा आरशाची जास्त भीती वाटते म्हणतेस, तर खरं सांगू का, तुझी भीती अगदी योग्य जागी बसलीय. केंद्र सरकारच्या २०२२च्या रस्ते अपघात अहवालात अपघातांचे प्रकार दिलेत, त्यांत मागून धडक हाच प्रकार सगळ्यांत मोठा, पाचातल्या एकाहून जास्त. आणि त्या वर्षी देशभरात रस्त्यावर गेलेल्या १,६८,४९१ माणसांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. हे आकडे तुला घाबरवायला काढले नाहीत. तुझ्या मनाचे खेळ नाहीत हे, एवढंच तुला कळावं म्हणून. मनाचे खेळ असते तर मी तुला श्वास मोजायला सांगून फोन ठेवला असता.

पहिली गोष्ट, मागे चिकटणारा प्रत्येक जण तुझ्यावर राग काढत नसतो. चौपदरी हायवेवर मोटारींना केंद्राने १०० ची मर्यादा दिलीय आणि मोटरसायकलला ८० ची. म्हणजे तू अगदी नियमात चाललीस तरी मागून कुणीतरी तुझ्याजवळ येत राहणारच, रस्त्याची रचनाच तशी आहे. त्यात ट्रॅव्हल्सवाल्याला वेळ गाठायची असते, आयशरवाल्याला चढाच्या आधी वेग सोडवत नाही, आणि एसयूव्हीतला तो साहेब बहुतेक वेळा तुझ्याकडे बघतही नसतो, त्याचं लक्ष मोबाइलवर असतं. आरशात मात्र सगळे सारखेच राक्षस दिसतात. त्यातून तो आरसा बाहेरून फुगीर, त्यात गाडी असते त्यापेक्षा लांब वाटते. म्हणजे तुला जवळ वाटली तर ती खरंच फार जवळ आहे, एवढं धरून चाल.

आता जरा हिशेब करू. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, ८० ला २२ मीटर. मागचा तुझ्यापासून एका मोटारीच्या लांबीवर, म्हणजे साधारण चार मीटरवर असेल, तर तुमच्यात अंतर उरलं पाव सेकंदाचं. माणसाला समोरचा लाल दिवा पेटलेला दिसून पाय ब्रेकवर पोचायलाच सेकंदभर जातो. तू करकचून ब्रेक दाबलास तर त्याचा पाय पोचेपर्यंत मधले चार मीटर बहुतेक संपलेले असतात. मग तो कितीही सभ्य असो, दोन मुलांचा बाप असो, गाडीत गणपती असो, उपयोग नाही.

म्हणून माझं सांगणं एकच आहे, आणि ते ऐकून तुला आधी विचित्र वाटेल. मागचा चिकटला की तू पुढचं अंतर वाढव. मागचं अंतर तुझ्या हातात नाहीच, ते त्याच्या हातात आहे. पुढचं मात्र पूर्ण तुझं. एरवी समोरच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवतेस ना, ते चारवर ने. मोजायचं कसं, तर समोरची गाडी एखाद्या खांबाजवळून किंवा पुलाच्या कठड्याजवळून गेली की मनात ‘एकशे एक, एकशे दोन’ म्हणायला लाग. तू त्या खांबापाशी ‘एकशे चार’ला पोचायला हवीस. पावसात त्याहून जास्त. एवढी जागा पुढे असली की समोर कुणी अचानक थांबलं, कुत्रं आडवं आलं, ऊस भरलेली ट्रॉली मधेच वळली, तरी तुला हळूहळू वेग उतरवता येतो आणि मागच्यालाही कळायला वेळ मिळतो. त्याच्या वाटणीचा विचारसुद्धा तूच करायचा, हो. अन्याय आहे, मान्य. पण घरात कितीतरी वर्षं आपण हेच करतोय, इथे निदान आपला जीव तरी वाचतो.

तू म्हणशील, ताई, त्या मोकळ्या जागेत कुणीतरी घुसतं. घुसू दे गं! घुसलेला तुझ्या पुढे गेला, मागे नाही राहिला, ही चांगलीच बातमी. तू पुन्हा थोडी मागे हो, झालं. कराडला पोचायला त्याने दोन-चार मिनिटं जास्त लागतील, तेवढ्यात कुणी जेवण आवरून ठेवत नाही.

वेग उतरवतानाही एक गोम आहे. तू नुसता थ्रॉटल सोडलास किंवा खालचा गिअर टाकलास तर बाइक हळू होते, पण मागचा लाल दिवा लागत नाही. मागच्याला पत्ताच नसतो. म्हणून थ्रॉटल सोडायच्या आधी ब्रेकच्या लिव्हरला बोट लावून दोनदा नुसता दिवा उघडझाप कर, ब्रेक लागेल इतकं दाबू नकोस. दूध वर यायला लागलं की आपण आधी गॅस बारीक करतो, पातेलं उचलायला धावत नाही, तसंच हे. बहुतेक शहाणे लोक एवढ्यावर थोडे मागे सरकतात.

जे सरकत नाहीत त्यांना पुढे जाऊ द्यायचं. पण कुठे आणि कसं, ते तू ठरवायचं, त्याच्या हॉर्नने नाही. सरळ रस्ता असावा, लांबपर्यंत दिसत असावं, पूल नसावा, वळण नसावं. आरशात बघ, डावीकडचा इंडिकेटर दे, आपल्याच लेनमध्ये थोडी डावीकडे हो आणि थ्रॉटल किंचित सोड. तो निघाला की वेग वाढवू नकोस, त्याला चटकन जाऊ दे. उलट समोरून गाडी येत असेल आणि हा मधेच डावीकडे कापणार असं दिसलं, तर तू आणखी हळू होऊन त्याला जागा करून दे. दुपदरी रस्त्यांवर हे फार होतं, आंबा घाटाकडे वगैरे गेलीस तर बघशील. मोठी बस किंवा ट्रेलर शेजारून गेला की वाऱ्याचा झोत आधी ढकलतो आणि मग ओढतो. तेव्हा गुडघे टाकीला घट्ट लाव आणि हात मात्र सैल ठेव. हँडल आवळून धरलंस तर तो झोत थेट पुढच्या चाकापर्यंत जातो. आणि एक गेला म्हणून लगेच उजवीकडे येऊ नकोस, त्याच्या पाठोपाठ दुसरा असतोच, लग्नाच्या गाड्या तर अख्खी रांग धरून येतात.

इंडिकेटर डावाच दे हं. आपल्याकडे काही ट्रकवाले ‘जा पुढे’ म्हणून उजवा इंडिकेटर देतात, ते त्यांचं त्यांना लखलाभ. तू उजवा दिलास तर निम्मे लोक समजणार की ही वळतेय आणि निम्मे समजणार की जा म्हणतेय. आणि तो नंतर बंद करायला विसरू नकोस. मी सुरूरपासून साताऱ्यापर्यंत डावा इंडिकेटर लुकलुकवत गेलेली बाई आहे. मागचे बिचारे प्रत्येक फाट्याला ‘आता वळेल, आता वळेल’ म्हणून थांबत होते, आणि मला वाटत होतं, आज लोक किती समजूतदार आहेत!

आता जरा रागावते. तुझ्या बोलण्यात ‘मग मी साइडपट्टीवर उतरते’ असं आलं, ते मला अजिबात आवडलेलं नाही. बाजूला होणं वेगळं आणि रस्ता सोडून देणं वेगळं. डांबराची कड आणि साइडपट्टी यांच्यात कधी चार बोटांची, कधी वीतभराची पायरी असते. चाक तिरकं उतरलं की हँडल हातात राहत नाही, आणि परत वर चढताना तर हमखास घसरतं. पलीकडे खडी, मुरूम, फुटलेल्या काचा, वर उभा केलेला बिनदिव्याचा ट्रक. मागच्या गाडीच्या भीतीने तू त्यात जातेस? बघ, आपल्याला लहानपणापासून सवयच असते, बसमध्ये, फुटपाथवर, लग्नाच्या पंगतीत, कुणी जोरात आलं की आपणच आधी अंग चोरतो. ते अंग चोरणं बाइकवर आपोआप होतं, तुझ्या लक्षातही येत नाही. पांढऱ्या पट्टीला चिकटून चालणाऱ्या बाईला लोक बाजूने घासून जातात, कारण त्यांना वाटतं दोघांना जागा आहे. लेनच्या मधोमध, नाहीतर मोटारींची उजवी चाकं जिथून जातात त्या पट्ट्यातून चाल. तिथे तू मागच्याला नीट दिसतेस, आणि काही झालंच तर डावीकडे सरकायला जागाही उरते. सगळी जागा आधीच देऊन टाकलीस तर ऐन वेळी जाशील कुठे?

मात्र डाव्या लेनमध्ये. उजव्या लेनमध्ये रमायचं नाही. खरं तर चिकटण्याचे निम्मे प्रकार तिथेच होतात, कारण तू ट्रॉलीला ओलांडायला उजवीकडे जातेस आणि तेवढ्यात मागून एक जण १०० च्या वेगाने डिपर मारत येतो. या प्रसंगात काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेव, तेव्हा सुचत नाही. अर्धं ओलांडून झालं असेल तर पूर्ण कर. त्याच्या डिपरला घाबरून ट्रॉली आणि तिच्या पुढच्या ट्रकच्या फटीत शिरू नकोस. तुझ्या चार सेकंदांसाठी त्याला थांबावं लागलं तर लागू दे, त्याने काही बिघडत नाही. ट्रॉली आरशात पूर्ण दिसली की इंडिकेटर, एक नजर खांद्यावरून, आणि डावीकडे. हात करून आभार मानायची गरज नाही, मी मानायचे, तो एक हात हँडलवर असलेलाच बरा. आणि ओलांडायला निघायच्या आधीच आरशात लांबवर बघायची सवय लाव. मागून वेगाने येणारा दिवा दिसला तर थांब, ट्रॉली कुठे पळून जात नाही.

घाटात आणि उतारावर थोडं वेगळं. खंबाटकी चढताना मागची मोटार कासावीस होते कारण पुढे सगळे ट्रक गोगलगाईने चाललेले. तिथे तुला साइड देता येत नसेल तर देऊ नकोस. वळणावर कुणालाच पुढे बोलवायचं नाही, वाजवू दे हॉर्न. २०१५मध्ये आपल्या राज्याने ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी केली, पण लोकांच्या हाताला ते कुणी सांगितलेलंच नाही.

उतार मात्र गंभीर आहे. सोमवारी पहाटे परत येताना कात्रजचा नवा बोगदा सुटला की नवले पुलाकडे जो लांब उतार लागतो, तिथले अपघात तू बातम्यांत पाहिले आहेस. डिझेल वाचवायला काही जण तिथे गाडी न्यूट्रल करतात, कधी इंजिनच बंद करतात. इंजिनाचा अटकाव गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सोडतात. तिथे मागे अवजड गाडी असेल तर हिशेब, कायदा, कुणाचं चुकलं, काही काही मनात आणू नकोस. त्याला थांबता येणार नाही असंच समज. उतार सुरू व्हायच्या आधीच त्याला पुढे जाऊ दे, ते जमलं नाही तर त्याच्या लेनमधून बाहेर हो. तू स्वतः गिअरमध्येच राहा, आणि खाली गाड्यांची दाटी दिसली की शेवटच्या गाडीला चिकटून थांबू नकोस.

थांबण्याचं तर मला जास्तच बोलायचंय, कारण याकडे कुणाचं लक्ष नसतं. सिग्नलला, टोलनाक्याच्या अलीकडे, काम चालू असलेल्या वळवलेल्या रस्त्यावर, कुठेही रांग लागली आणि तू रांगेत शेवटची असलीस, तर तो सगळ्यांत वाईट क्षण. बरोबर मधोमध, समोरच्या बंपरला टायर लावून उभी राहू नकोस. थोडी एका बाजूला, पुढे निसटायला फट दिसेल अशी थांब. पहिला गिअर टाकलेला, क्लच दाबलेला, ब्रेकचा दिवा लागलेला, आणि नजर आरशात. मागे दोन-तीन गाड्या येऊन नीट थांबल्या की मग न्यूट्रल कर, पाणी पी, माझ्यावर चिडून घे. टोलनाक्यावर आपल्याला टोल नसतो, कडेची लेन असते, तिथून शांतपणे निघायचं. इकडून तिकडे रांगा बदलणाऱ्या ट्रकच्या अगदी तोंडासमोरून जायचं नाही. आपल्याकडच्या चपट्या तोंडाच्या ट्रकच्या ड्रायव्हरला त्याच्या केबिनच्या खाली, अगदी पुढ्यात काय आहे ते दिसत नाही.

राग येतो का? येतोच. मला तर इतका येतो की हेल्मेटच्या आत मी काय बोलते ते माझ्या सासूबाईंना कळलं तर त्या मला ओळख दाखवायच्या नाहीत. बोल, मनसोक्त बोल. पण त्याला धडा शिकवायला मुद्दाम ब्रेक मारायचा नाही. २०१७च्या ड्रायव्हिंग नियमावलीत पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवणं हे मागच्याचं काम म्हणून लिहिलेलं आहे, हे खरं. पण कारण नसताना अचानक ब्रेक मारू नये हेही तिथेच आहे. आणि कायदा राहू दे बाजूला, त्याच्या गाडीला बंपर आहे, तुझ्या बाइकला तूच आहेस. तसंच त्याच्यापासून पळायलाही जायचं नाही. तू नव्वदला गेलीस की तो शंभरला येतो, आणि तुला ज्या वेगाची सवय नाही त्या वेगात तू पुढचं वळण घेतेस. तुझा वेग तोच ठेव, नाहीतर कमी कर. वाढवायचा नाही.

आता एक वेगळी गोष्ट, ती मुलींनाच सांगावी लागते. साइड दिली तरी पुढे जात नाही, तू हळू झालीस की तोही हळू, तू टपरीवर थांबलीस की तोही पुढे जाऊन थांबला, तर तो घाईतला माणूस नव्हे. इथे ‘मला उगाच वाटतंय का’ हा विचार करत बसू नकोस, तुला वाटतंय तेवढं पुरे. निर्जन ठिकाणी थांबायचं नाही, आडवाटेला वळायचं नाही, आणि त्याला घराचा रस्ता दाखवायचा नाही. सरळ गर्दीचा पेट्रोल पंप, टोलनाका किंवा मोठं हॉटेल गाठ, बाइक माणसांजवळ लाव, हेल्मेट काढायच्या आधी तिथल्या माणसाशी मोठ्याने बोल. मग ११२ लाव आणि गाडीचा नंबर, रंग सांग. हायवेवरच्या मदतीसाठी १०३३ आहे, तोही मोबाइलमध्ये आत्ताच टाकून ठेव. कुणी म्हणालं की एवढ्यासाठी पोलिसांना कशाला, तर माझं नाव सांग.

निघायच्या आधीचं थोडं घरकाम. पुढचा ब्रेक दाबून मागचा दिवा लागतो का बघ, मग पायाचा दाबून बघ. दोन्ही वेगवेगळे तपासायचे, बरेचदा एकच चालू असतो आणि आपल्याला कळत नाही. भिंतीजवळ बाइक उभी केलीस की लाल उजेड भिंतीवर दिसतो, कुणाला हाक मारायला नको. आरशात स्वतःच्या कोपराची फक्त कड दिसावी, बाकी सगळा रस्ता दिसायला हवा. तू केसच बघत असतेस, मला माहीत आहे. पावसाळ्यात चहाला थांबलीस की फडक्याने मागचा दिवा आणि नंबरप्लेट पूस, तासाभरात चिखलाने लाल दिवा चॉकलेटी झालेला असतो. आणि ती पिशवी! कराडहून निघताना डबे, लोणचं, शेंगदाण्याची पोतडी असं सगळं मागे बांधून निघशील, तेव्हा मागे जाऊन बघ की दिवा दिसतोय का. माझ्या मावशीने दिलेल्या फणसाने माझा अख्खा टेललाइट झाकला होता, आणि मागचे हॉर्न का वाजवतायत म्हणून मी सगळ्यांना फणकारे देत आले. अंधारात निघणार असशील तर जॅकेटवर चमकणारी पट्टी हवी. हेल्मेटवर आयएसआयचा शिक्का हवा, हे मी तिसऱ्यांदा सांगतेय आणि तू अजून त्या गुलाबी टोपलीतच फिरतेस.

रात्री मागच्याने प्रखर दिवे लावून आरसा पेटवला तर त्यात बघत राहू नकोस, डोळ्यांपुढे अंधारी येते. मान किंचित बाजूला कर, नजर पुढे डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेव, आणि जागा मिळाली की त्याला जाऊ दे. शक्य असेल तोवर मात्र उजेडात पोच. शुक्रवारी रात्री ऑफिसमधून दमून निघण्यापेक्षा शनिवारी पहाटे निघ. शिरवळला नाश्ता कर, खंबाटकीच्या आधी थोडे पाय मोकळे कर. दमलेल्या माणसाला आरशातली प्रत्येक गाडी अंगावर येतेय असं वाटतं, आणि तेव्हाच हात आखडतात.

पहिले काही शनिवार खांदे कानाला लागतील. त्यानंतर एक दिवस मागचा डिपर मारेल, तू आरशात बघशील, इंडिकेटर देशील, तो जाईल, आणि पुढच्या पुलापर्यंत तू त्याला विसरलेली असशील. तोवर साताऱ्यापर्यंतच ये ना वाटल्यास, मी आहे, पोहे करते. एकदा माझ्यामागून चाल, मी कुठे साइड देते, कुठे देत नाही ते बघ. फक्त मला चिकटू नकोस म्हणजे झालं, मीही घाबरते.

आणि काकूंना काय सांगायचं ते मी बघते. त्यांना हे मागून चिकटणं, उतार, ब्रेक वगैरे काही सांगत बसू नकोस. नाहीतर बाइक पार्किंगमध्ये आणि तू स्वारगेटला एशियाडच्या रांगेत, आणि त्या एशियाडचा ड्रायव्हर कुणाच्या तरी मागे चिकटलेला असेलच.